जेडचा कुत्रा कधीचा?

झाडाचं वय काढायचं तर खोडातली वर्तुळं मोजतात. घोड्याचं वय त्याचे दात सांगतात. जुन्या चुलीत कोळसा सापडला, तर त्यातल्या कार्बनवरून मूळचं झाड साधारण कधी मेलं ते प्रयोगशाळेत कळतं. मडक्याचंही वय निघतं. ते भट्टीत भाजलं त्या दिवसापासून मातीतल्या बारीक कणांत किरणोत्साराची नोंद साठत जाते आणि पुन्हा तापवलं की ती प्रकाशाच्या रूपानं बाहेर पडते. एवढी सगळी साधनं हाताशी असून आज मी तुम्हांला अशा एका कुत्र्याची गोष्ट सांगणार आहे, ज्याचं वय भल्याभल्यांना काढता येत नाही.

कुत्रा मुठीत मावेल एवढा. पांढुरका, मध्येच एक तपकिरी डाग. पुढच्या पायांवर हनुवटी टेकून निवांत पडलेला. तोंड लांबट, पोट खपाटीला गेलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. शेपूट मागच्या पायांमधून वळवून पुढे घेतलेली. चीनमधल्या कुणा कारागिरानं तो जेडच्या दगडातून घडवला आहे. असे कुत्रे, घोडे, म्हशी, उंट, सिंह आणि कुठल्याच जंगलात न सापडणारे पंखवाले प्राणी जगभरच्या संग्रहालयांत बसलेले आहेत. त्यांच्यापुढच्या पाट्या वाचत गेलं की गंमत दिसते. एका ठिकाणी लिहिलेलं असतं ‘थांग किंवा सुंग काळ’. तसाच प्राणी दुसरीकडे ‘मिंग काळ’. थांग घराणं गादीवर आलं 618 साली आणि मिंग घराणं बुडालं 1644 साली. म्हणजे पाटी लिहिणाऱ्याच्या पेनाखाली हजार वर्षं इकडची तिकडे होतात.

काय म्हणालास ओंकार? कार्बन डेटिंग करा? शाब्बास, पहिला प्रश्न तोच यायला हवा. पण कार्बनवरून वय निघतं ते कधीतरी जिवंत असलेल्या वस्तूचं. लाकूड, हाड, कापूस, धान्य. जेड कधीच जिवंत नव्हता. मग दगडाचं वय काढता येत नाही का? येतं की! मध्य आशियात खोतानजवळ कुनलुन पर्वत आहे. तिथला जेड चिन्यांना सगळ्यांत प्रिय. त्या दगडाचं वय भूशास्त्रज्ञांनी काढलंय, जवळपास 40 कोटी वर्षं. आता सांग, या उत्तराचा कुत्र्याला काय उपयोग? दगड 40 कोटी वर्षांचा. त्यातून कुत्रा कालच्या मंगळवारी काढला काय आणि दोन हजार वर्षांपूर्वी काढला काय, दगडाला त्याची खबरच नाही.

खरं कोडं हेच आहे, आणि ते समजायचं तर आधी हा दगड कसा आहे ते पाहायला हवं.

जेड म्हणून जो विकला जातो त्यात खरं तर दोन वेगवेगळी खनिजं आहेत. 1863 पर्यंत हे कुणाला नीट माहीत नव्हतं. त्या साली अलेक्सी दामूर नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं दोन्हींचं पृथक्करण करून फरक दाखवून दिला. एक नेफ्राइट आणि दुसरं जेडाइट. जेडाइट येतं ब्रह्मदेशातून, आजच्या म्यानमारच्या उत्तरेकडच्या काचीन भागातून. चिनी कारागिरांच्या हाती ते भरपूर पडायला लागलं अठराव्या शतकात. त्यामुळे एखादा पाचूसारखा हिरवागार जेडाइटचा घोडा कुणी ‘हान काळातला, दोन हजार वर्षांचा’ म्हणून पुढे केला, तर त्याला चहा पाजावा आणि परत पाठवावा. वय काढण्याच्या या सगळ्या खटाटोपातला हा एकच सोपा प्रश्न.

बाकी सगळा जुना चिनी जेड म्हणजे नेफ्राइट. फार पूर्वी जमिनीच्या पोटात तापलेला शिलारस डोलोमाइटच्या थरात घुसला. त्याच्याबरोबर आलेल्या गरम पाण्यातली सिलिका आणि त्या थरातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम यांची गाठ पडली. त्यातून सूक्ष्म तंतूंसारखे स्फटिक वाढले, आणि तेही सरळ ओळीत नव्हे, एकमेकांत गुंतून. आपल्याकडे मेंढपाळांचा बुरणूस असतो ना, विणलेला नव्हे, लोकर दाबून दाबून केलेला? त्याचा एक धागा ओढून काढायला जा, निघत नाही. नेफ्राइटची आतली घडण तशी आहे. कठीणपणा म्हणाल तर फार नाही, मोजपट्टीवर सहा ते साडेसहा. गारेचा दगड सात असतो, हिरा दहा. पण हिऱ्यावर नेमका घाव बसला तर तो दुभंगतो आणि नेफ्राइटवर हातोडी आपटली तर बहुधा हातोडीच उडून परत येते.

म्हणून जेड कोरत नाहीत. छिन्नी इथे चालतच नाही. जेड झिजवतात. दगडावर पाणी आणि वाळू टाकायची, वर दोरी किंवा बांबू किंवा धातूची चकती फिरवत राहायची. काम करते ती वाळू. दोरी नुसती वाळू ओढते. गारेची वाळू सातची, दगड सहाचा, म्हणून दर फेरीला दगडाची कणभर भुकटी निघते. हे असं दिवसचे दिवस चालायचं. कुत्र्याच्या दोन कानांमधली खाच पाहिलीत? तेवढ्यासाठी एखादा माणूस किती वेळ ओणवा बसला असेल, कोण जाणे.

आता या चिवटपणाची दुसरी बाजू बघा. लोखंड गंजतं, तांब्याला हिरवट कळा येते, हस्तिदंत तडकतं आणि पिवळं पडतं. काळ त्यांच्यावर सही करून जातो. जेडवर त्याची सही उमटत नाही, किंवा उमटली तरी वाचता येत नाही. नीट जपलेला हजार वर्षांचा जेड आणि या वर्षीचा जेड शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच गार, सारखेच तुळतुळीत. त्यात चिनी लोकांना जेड नुसता बघायचा नसतो, हातात धरून कुरवाळायचा असतो. रसिक माणूस बाहीत एखादा छोटा प्राणी ठेवणार आणि बोलता बोलता बोटांनी चोळत बसणार. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. शे-दोनशे वर्षं असं चोळलं की कारागिराच्या हत्यारांचे जे बारीक ओरखडे उरले होते तेही पुसट होतात. ज्या कुत्र्यावर लोकांनी सगळ्यांत जास्त माया केली, त्याचाच पुरावा सगळ्यांत आधी नाहीसा झाला.

मग उरलं काय? मुक्ता, तू म्हणतेस ते बरोबर आहे. कुठे सापडला ते बघायचं. थडग्यात सापडला आणि थडग्याचं साल माहीत असलं की झालं. पण थांब, इतकं सरळ नाही ते.

1971 मध्ये इनर मंगोलियातल्या एका खेड्यात शेतकऱ्याला खणताना काहीतरी सापडलं. इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं, 26 सेंटिमीटर उंच, मातीनं माखलेलं. सांगतात की त्याला ते जुनं लोखंड वाटलं, आणि घरातल्या पोरानं त्याला दोरी बांधून खेळण्यासारखं गावभर ओढत फिरवलं. घासून घासून माती गेली आणि खालून काळपट हिरवा जेड चमकायला लागला. लांब मुस्कट, पाठीवर मागे उडणारी आयाळ. तो ड्रॅगन होता. सरकारी माणसांनी तो घेतला, पण कधीचा ते कुणाला कळेना. मग 1984 मध्ये शेजारच्या ल्याओनिंग प्रांतात न्यूहलियांग नावाच्या जागी रीतसर उत्खनन झालं. एका दगडी थडग्यात मेलेल्या माणसाच्या छातीवर जेडचे दोन प्राणी ठेवलेले होते. डुकरासारखं तोंड आणि अंग गोल वळलेलं. ते होते होंगशान संस्कृतीचे, म्हणजे पाच हजार वर्षांहून जुने. तोवर असे प्राणी बाजारात आणि संग्रहालयांत होतेच, पण त्यांना कुणी शांग राजघराण्याच्या काळातले म्हणे, कुणी त्यानंतरच्या चौ काळातले. एका थडग्यामुळे सगळ्यांची वयं दीड-दोन हजार वर्षांनी मागे गेली. तो सी आकाराचा ड्रॅगन आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात होंगशानचा म्हणून मानानं बसला आहे. तो मात्र स्वतः उत्खननात सापडलेला नाही, हे विसरू नका. त्याचं वय भावंडांवरून ठरवलेलं आहे.

म्हणजे थडगं सापडलं की प्रश्न मिटला? आता फू हावची गोष्ट ऐका. आन्यांगला शांग राजांची राजधानी होती. 1976 मध्ये चंग चनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंनी तिथे एक कबर शोधून काढली, चोरांचा हात न लागलेली. ती होती वू तिंग राजाची राणी फू हाव हिची. ही बाई सैन्य घेऊन लढाईवर जायची. तसं त्या वेळच्या हाडांवरच्या लेखांत लिहिलेलं आहे. काळ साधारण इसवी सनापूर्वी 1200. कबरीत जेडच्या 755 वस्तू! वाघ, अस्वल, माकड, घुबड, पोपट, मासे, कासव, प्रार्थनाकीटक, रेशमाचा किडा. आणि दोन छोटे हत्ती. उत्तर चीनमध्ये हत्ती? हो, त्या काळी हवा आजच्यापेक्षा उबदार होती. आन्यांगलाच एका खड्ड्यात खऱ्या हत्तीचा सांगाडा मिळालेला आहे. कारागिरानं हत्ती ऐकून नव्हे, डोळ्यांनी पाहून घडवला असणार. सोंडेचं टोक कसं वळतं ते त्याला नेमकं ठाऊक आहे.

चला, 755 वस्तूंची तारीख लागली म्हणून अभ्यासक खूश झाले. मग एकेक वस्तू नीट बघायला लागले तर काही भलत्याच निघाल्या. एक फिनिक्स पक्षी होता. त्याची घडण त्या दरबाराची वाटेना. ती जुळत होती दक्षिणेकडच्या शिज्याह संस्कृतीशी, जी फू हावच्या कित्येक शतकं आधी संपली होती. काही वस्तू तर होंगशानच्या. राणीला जुन्या वस्तू जमवायचा षोक होता म्हणा, की लढाईत लुटलेल्या म्हणा, की वारशानं आलेल्या म्हणा. तीन हजार वर्षांपूर्वीची ती राणी स्वतःच प्राचीन वस्तूंची संग्राहक होती.

पुढे 2005 मध्ये शान्शी प्रांतात ल्यांगदाय गावी रुई नावाच्या छोट्या राज्याच्या राजघराण्याच्या कबरी खणल्या. त्यातली एक होती चोंग च्यांग या राणीची, साधारण इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातली. तिच्याजवळ काय सापडावं? होंगशानचा, डुकराच्या तोंडाचा वळलेला प्राणी! घडवला त्यानंतर दोन-अडीच हजार वर्षांनी तो पुन्हा जमिनीत गेला. मधल्या काळात तो कुणाकुणाच्या हातात होता ते आपल्याला कधीच कळणार नाही. मग थडग्याचं साल काय सांगतं? एवढंच, की वस्तू त्याहून नवी नाही. जुनी किती, याला ते बांधील नाही.

आपल्या कुत्र्याचं तर त्याहून कठीण. थांग काळानंतरचे असले छोटे प्राणी कबरींत फारसे जातच नव्हते. ते लेखनाच्या मेजावर असायचे, कागद उडू नये म्हणून वर ठेवायला, नाहीतर कमरेला लटकवायला. जे जमिनीत गेलं नाही ते उत्खननात कुठून येणार?

म्हणून नक्की माहिती असलेल्या थोड्या वस्तू धरून बाकीच्यांची तुलना करत बसावं लागतं. श्येनयांगजवळ हान सम्राट युआन याची समाधी आहे. तो वारला इसवी सनापूर्वी 33 मध्ये. तिच्या परिसरात 1960-70 च्या दशकांत जेडचे काही प्राणी मिळाले: एक चालणारं अस्वल, एक ससाणा, दोन पंखवाले हिंस्र प्राणी आणि ढगावरून धावणारा घोडा, त्यावर स्वार. अस्वल तर बघत राहावं असं आहे. जाडगेलं, मान खाली घालून चाललेलं, खांदे एका बाजूला झुकलेले. आता जगात कुठेही हान काळातला म्हणून जेडचा प्राणी पुढे आला की तज्ज्ञ मनातल्या मनात त्याला या अस्वलाशेजारी उभा करतात. अंगाचा पीळ तसा आहे का? छाती तशी भरलेली आहे का?

माझ्या मते या पद्धतीत एक मोठी गोम आहे आणि तज्ज्ञही ती खासगीत कबूल करत असतील. नंतरच्या कारागिरांनीही जुने नमुने पाहिलेच होते! सुंग काळात चीनमध्ये प्राचीन वस्तूंचं वेडच लागलं होतं. 1092 मध्ये ल्यू तालिन नावाच्या विद्वानानं जुन्या वस्तूंचा चित्रमय ग्रंथ तयार केला, त्यात जेडही होता. असे ग्रंथ आले की मागोमाग ‘अगदी तस्सं’ करून देणारे आलेच. पुढे जेडच्या सातशेवर चित्रांचा एक प्रचंड ग्रंथ निघाला. प्रस्तावनेवर साल 1176, दरबारातल्या लोंग तायुआन या माणसाचं नाव वर. चिंग काळातल्या राजग्रंथालयाच्या पंडितांनी तपासलं तेव्हा ध्यानात आलं की हे गृहस्थ त्या सालाच्या आधीच वारलेले होते. खोट्या जेडला पुरावा म्हणून दाखवायचा ग्रंथच खोटा!

आता या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. चिंग घराण्याचा सम्राट च्येनलुंग. त्याच्याइतका जेडवेडा माणूस बहुधा झाला नाही. 1759 मध्ये त्याच्या सैन्यानं खोतानपर्यंतचा मुलूख जिंकला आणि नदीतले गोटे दरवर्षी राजधानीकडे यायला लागले. पण त्याचं वेड त्याआधीपासूनचं. जुनी वस्तू हातात आली की हा तिच्यावर कविता करणार आणि ती कविता त्याच वस्तूवर कोरून घेणार. आयुष्यात चाळीस हजारांहून जास्त कविता त्याच्या नावावर आहेत, त्यामुळे जेडच्या वाट्यालाही बऱ्याच आल्या. बाहेरून चौकोनी आणि आतून गोल पोकळ अशा एका जेडच्या नळकांड्यावर त्यानं कविता कोरवली, ती नळकांडं उलटं धरून. त्याला ती गाडीच्या दांड्यात बसवायची वस्तू वाटली होती. आज आपल्याला माहीत आहे की ती लियांगचू संस्कृतीची आहे, साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीची. अर्थात सम्राटाला हसू नका. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतले पंडितही तिला चौ काळातलीच समजत होते. तिचं खरं वय ठरलं ते 1970 च्या दशकातल्या उत्खननांनंतर.

तर या च्येनलुंगकडे एक जेडचा पेला होता. रंग तपकिरी, जुनाट, मातीत कित्येक शतकं पडून मुरल्यासारखा. सम्राटाला वाटलं, हान काळातला असावा. पण मनात कुठेतरी पाल चुकचुकली. त्याच्या राजवाड्यातल्या कारखान्यात याओ त्सुंगरन नावाचा जेडचा कारागीर होता, पिढीजात धंदा. सम्राटानं त्याला बोलावलं आणि पेला हातात दिला. याओनं फिरवून पाहिला आणि हसून सांगितलं, हा तर माझ्या आजोबांनी केलेला आहे!

विचार करा, समोर अख्ख्या चीनचा बादशहा आणि हा सरळ सांगतोय की तुमची प्राचीन वस्तू माझ्या घरची आहे. आणि वर कृतीही सांगितली. जेड घ्यायचा तो थोडा सदोष, जरा मऊ. निर्दोष दगडात रंग शिरत नाही. हिऱ्याच्या टोकानं त्यावर बारीक बारीक टोचे मारायचे, मधमाशीनं डंख मारावेत तसे. मग त्यावर अंबरचा लेप द्यायचा आणि विस्तवावर ठेवायचा. विस्तव भडकता कामा नये आणि विझताही कामा नये. रात्रंदिवस, जवळपास वर्षभर. याओ म्हणाला, हे इतकं कष्टाचं काम आहे की आता फारसं कुणी करत नाही. हल्लीचे लोक झटपट रंगवतात आणि त्यांचं काम लगेच उघडं पडतं.

च्येनलुंगनं 1753 मध्ये हा सगळा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. मला त्याचं कौतुक वाटतं ते यासाठी. कारागिराचं डोकं उडवायच्या ऐवजी त्यानं त्याचं म्हणणं टिपून घेतलं. त्यामुळे नकली जेड कसा करतात याची कृती आपल्याला खुद्द नकली करणाऱ्याच्या नातवाकडून मिळाली.

बाकीच्या कृती ऐकून मात्र अंगावर काटा येतो. जेडच्या जुन्या चिनी पुस्तकांत लिहिलंय की काहीजण मेलेल्या कुत्र्याच्या पोटात जेड शिवून जमिनीत पुरून ठेवत, तर काही जिवंत मेंढीच्या पायाची कातडी चिरून आत जेड घालत आणि काही वर्षांनी काढत, रक्ताच्या लाल रेषा उमटाव्यात म्हणून. काम किती साधत होतं ते देव जाणे, पण बिचारी मेंढी!

याच्याइतकीच फसवी गोष्ट म्हणजे पांढरा पडलेला जेड. मातीतल्या पाण्यानं शतकानुशतकं नेफ्राइटची घडण सैल झाली की तो अपारदर्शक होतो, कोंबडीच्या उकडलेल्या हाडासारखा. नकलाकारांनी तेच भट्टीत करून दाखवलं. इथे विज्ञानाला थोडं यश आलंय. नेफ्राइट नऊशे अंशांच्या पुढे तापवला की त्यातलं खनिजच बदलतं, डायॉप्साइड नावाचं वेगळं खनिज तयार होतं. लेझरचा किरण टाकून ते ओळखता येतं, वस्तूला धक्का न लावता. पण लगेच टाळ्या वाजवू नका. प्राचीन काळी काही जेड खरोखरच अंत्यविधीत आगीत पडत होते. म्हणजे भाजलेला दिसला म्हणून खोटा ठरत नाही.

मग सूक्ष्मदर्शकाकडे वळू या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मार्गारेट सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छान युक्ती काढली. दाताचा साचा घेताना डॉक्टर जसला रबरी लगदा वापरतात, त्या जातीचा सिलिकोन त्यांनी जेडवरच्या रेघांवर दाबला. तो निघाला की रेघेचा उलटा साचा हातात. तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. 2004 मध्ये त्यांनी याविषयी लिहिलं. हातानं टोकदार दगड फिरवून काढलेली रेघ असेल, तर ती अनेक वेड्यावाकड्या ओरखड्यांची जुडी दिसते. फिरत्या चकतीनं काढलेली रेघ मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना उथळ, होडीच्या तळासारखी. कारण चकती गोल असते, ती दगडात उतरते आणि वर येते. वळणदार रेघ काढायची तर अशा छोट्या होड्या एकीला एक जोडाव्या लागतात. लांबून रेघ सलग वाटते आणि जवळून तिचे सांधे दिसतात. त्यांचं म्हणणं असं की चकतीनं रेघा कोरणं चौ राजवटीच्या काळात केव्हातरी सुरू झालं. काही चिनी अभ्यासकांना ते पटत नाही, ते आणखी मागे जातात. पण विजेवर गरगरणाऱ्या, हिऱ्याची पूड बसवलेल्या आजच्या हत्याराची खूण मात्र वेगळीच पडते, एकसारख्या समांतर चऱ्यांची. त्याला लपायला जागा नाही.

याच सॅक्सबाईंच्या चमूनं पुढे स्फटिकाच्या त्या गाजलेल्या कवट्या तपासल्या होत्या, प्राचीन मेक्सिकोच्या म्हणून मिरवणाऱ्या. त्यांच्यावर चकतीच्या खुणा निघाल्या आणि एकीवर तर कार्बोरंडमची पूड! ती पूड माणसानं बनवली 1890 च्या दशकात. झाला निकाल.

कुत्र्याच्या डोळ्याकडे नीट बघितलंत तर तिथेही एक खूण मिळते. डोळ्याभोवतीचं वर्तुळ पोकळ नळी फिरवून काढलेलं असतं. आणि दोरा ओवायला भोक असेल तर ते दोन्ही बाजूंनी पोखरत आणलेलं. दोन वाटा मध्यावर भेटतात तिथे बारीकशी पायरी राहते, कारण आंधळेपणानं दोन्ही बाजूंनी आलेल्यांची नेमकी गाठ पडत नाही. पायरी दिसली म्हणजे हातचं काम आहे असं म्हणता येतं. कुठल्या शतकातला हात, ते विचारू नका. जवळपास तीच पद्धत फार काळ चालत राहिली.

कधी कधी मात्र सूक्ष्मदर्शक लागतच नाही, साधी अक्कल पुरते. 2011 मध्ये बीजिंगला एका लिलावात जेडचं शृंगारमेज आणि बसायचं स्टूल 22 कोटी युआनला विकलं गेलं. हान काळातलं म्हणून! नंतर कुणीतरी विचारलं, हान काळात चिनी लोक बसायचे कशावर? चटईवर, जमिनीवर. अशा उंच बैठका त्यांच्याकडे नव्हत्याच. पुढे च्यांगसू प्रांतातल्या पीचौ गावचे कारागीर म्हणाले, ही तर आमच्याकडे 2010 मध्ये झालेली वस्तू.

मुक्ता, तुझा प्रश्न राहूनच गेला. कारागिरानं खाली साल का नाही लिहून ठेवलं? आपल्याकडे लिहिलेलं सापडतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शहाजहानचा पेला आहे, पांढऱ्या नेफ्राइटचा. तळाशी कमळ, अंग भोपळ्याच्या फोडीसारखं आणि मुठीच्या जागी मान वळवलेला रानबोकड. त्याच्यावर शहाजहानची पदवी आणि साल कोरलेलं आहे, ते 1657 चं. वाद नाही, तुलना नाही, सूक्ष्मदर्शक नाही. हिंदुस्थानातला हा मोगली जेड पुढे च्येनलुंगलाही इतका आवडला की आपल्या कारागिरांपेक्षा तो तिथल्या कारागिरांना श्रेष्ठ म्हणायचा. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात तर चिनी-जपानी दालनात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जेडच्या वस्तू आहेत. तिथल्या पाट्या या नजरेनं वाचा, कुठे साल आहे आणि कुठे नुसतं शतक आहे ते.

चिनी कारागीर बहुतेक निनावीच राहिले. नाव कोरणारा एक प्रसिद्ध माणूस होऊन गेला, सुचौचा लू त्सिगांग, मिंग काळातला. त्याच्या हाताला तोड नाही असं लोक म्हणत, आणि तो आपल्या कामावर ‘त्सिगांग’ अशी दोन अक्षरं कोरायचा. मग काय व्हायचं ते झालं. तो गेल्यावर पुढची तीन-चारशे वर्षं ज्याला त्याला वाटलं, आपल्याही कामावर ती दोन अक्षरं असावीत. आज संग्रहालयांत त्याची सही असलेल्या जेडवर पाटी असते ती अशी: ‘त्सिगांग अशी सही, चिंग काळ, अठरावं शतक.’ म्हणजे सही करणाऱ्या माणसाच्या मरणानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी केलेली वस्तू. तेव्हा ओंकार, आपल्या कुत्र्याच्या पोटाखाली उद्या कुणाला सही-सालासकट काही कोरलेलं सापडलं ना, तर मी आधी ती अक्षरं कधीची ते विचारीन.